माडाचा अपराध कोणता?

पहांटेच्या वेळीं स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर जो कोणी अर्धा तास उभा राहिला असेल, त्यास पुणें व कोंकण यांची सोयरीक किती जुनी आहे हें निराळें सांगावयास नको. रात्रभर घाट चढून आलेल्या गाड्या येथें रिकाम्या होतात, आणि पेंगुळलेल्या उतारूंच्या मागोमाग गोणी, पिशव्या व खोकीं खालीं येतात. सोललेले नारळ, आमसुलें, कुळथाचें पीठ, सुके बांगडे, ज्याच्या घरीं जें असेल तें. २०२४ च्या सप्टेंबरांत भुयारी रेल्वे स्वारगेटपर्यंत आली, रस्त्यांवर उड्डाणपूल तर त्यापूर्वींच उभे राहिले होते; पण कोंकणच्या पिशवींतला जिन्नस कांहीं बदलला नाहीं.

अशाच एका गाडीनें परवां आलेल्या एका वृद्ध बाईंनीं, ज्यांच्या मुलाचें कज्जाचें काम आमच्याकडे आहे, आपल्या थैलींतून केळीच्या पानांत बांधलेला एक काळाभोर खडा काढून आमच्या हातावर ठेविला. तो माडाचा गूळ होता. गोव्याच्या सरहद्दीजवळच्या त्यांच्या माहेरगांवाहून आणलेला. जिभेवर ठेवितांच प्रथम गोडी, मग किंचित् खारटपणा, आणि शेवटीं चुलीच्या धुराचा वास. आम्ही तोंड गोड करीत असतां बाईंनीं हळूच विचारिलें, "वकीलसायबांनू, ह्या गुळाक परवानो लागणा नाय मां?"

आम्ही हंसलों. बाई मात्र हंसत नव्हत्या. त्यांचे वडील माडावर चढणारे. त्यांच्या लहानपणीं, उकळण्यासाठीं चुलीजवळ मांडून ठेविलेलीं रसाचीं मडकीं कोणा एका शिपायानें काठीनें फोडलीं होतीं, आणि आंतला रस ताजा आहे कीं आंबलेला आहे हें पाहण्याची तसदी त्यानें घेतली नव्हती. "गुळास परवाना लागत नाहीं, आजी," आम्हीं सांगितलें, "पण तो ज्या रसाचा होतो, त्या रसास लागतो." बाईंनीं मान हालविली. त्यांस त्यांत कांहींच नवल वाटलें नाहीं. आम्हांस वाटलें, आणि आजचा लेख लिहिण्याचें कारणही तेंच.

कारण त्याच दिवशीं सायंकाळीं सातारा रस्त्यावरील एका झगझगीत दुकानांत आम्हांस माडाची साखर पुन्हां भेटली. यावेळीं ती काचेच्या बरणींत होती, दाणेदार व तांबूस होती, आणि इंडोनेशियांतून आली होती. किंमत आपल्या नेहमींच्या साखरेच्या कित्येक पट. वेष्टणावर ती नैसर्गिक आहे, पारंपरिक आहे आणि मधुमेह असणारांनींही ती निर्धास्त खावी अशा अर्थाचीं आश्वासनें छापलेलीं. ज्या रसापायीं या देशांतील माणसाचीं मडकीं फुटलीं, त्याच रसाची साखर सागर ओलांडून आली म्हणजे तिला काचेची बरणी, सोनेरी अक्षरें आणि सन्मानाची फळी मिळते! जावाची साखर हिंदुस्थानच्या बाजारांत ओतली जाई म्हणून एके काळीं आमच्या वाडवडिलांनीं गळा सुकेपर्यंत व्याख्यानें दिलीं. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळींत विलायती कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पुकारला गेला. आज जावा बेटाची साखर आपल्या घरांत पुन्हां शिरत आहे, आणि ती शिरते आहे ती अशा एका झाडाची होऊन, जें आपल्या किनाऱ्यावर सातपाटीपासून सावंतवाडीपर्यंत उभें आहे.

हा जिन्नस कसा होतो हें घाटावरच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसावें, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. माडास फुलोरा येतो तो प्रथम एका जाड वेष्टणांत मिटलेला असतो. त्यास पोय म्हणतात. पोय उमलण्यापूर्वीं तिला दोरीनें आवळून बांधावयाची, रोज हलक्या हातानें चोहोंकडून ठोकावयाची, आणि मोडूं न देतां दिवसेंदिवस खालीं वाकवावयाची. मग धारदार कोयत्यानें तिचें टोंक पातळसें कापिलें म्हणजे कांहीं दिवसांनीं तेथून थेंब थेंब रस पाझरूं लागतो. खालीं मडकें बांधलेलें असतें. पुढें रोज दोन-तीन वेळां वर चढून टोंकाची एक एक पातळ चकती काढावयाची, नाहींतर जखम भरून रस थांबतो. चकती जाड निघाली तर पोय लवकर संपते. फार पातळ निघाली तर रस येत नाहीं. हा हात पुस्तकावरून येत नाहीं. साठ-सत्तर फुटांच्या खोडावर, वाऱ्यांत, कमरेला कोयता व मडकें बांधून, मुलगा बापाच्या मागोमाग चढतो तेव्हां तो शिकतो.

ताज्या रसांत शेंकडा बारा ते पंधरा भाग साखर असते. तो पारदर्शक, गोड आणि मुळींच मादक नसलेला असा असतो. पण हवेंतील किण्व त्यास फार काळ निर्दोष राहूं देत नाहींत. सूर्य वर आला कीं फेंस येऊं लागतो. कांहीं तासांत त्याची माडी होते, आणि आणखी दोन दिवस ठेविल्यास शिरका. म्हणून ज्याला साखर करावयाची आहे तो मडक्याला आंतून चुना लावतो, कारण चुन्यानें आंबणें लांबतें. आणि रस खालीं उतरतांच गाळून चुलीवर चढवितो. सात-आठ लिटर रस आटला म्हणजे एक किलो साखर पदरांत पडते. पाक दाट होऊन तार धरूं लागला कीं तो करवंटींत किंवा साच्यांत ओतावा म्हणजे गुळाची ढेप. आणि खालीं उतरवून निवेपर्यंत एकसारखा घोटीत राहावें म्हणजे दाणेदार साखर. म्हणजे एकाच झाडाच्या एकाच पोयीपासून सकाळीं जें निघतें, त्याचें दुपारीं काय व्हावयाचें हें चूल पेटते कीं नाहीं यावर अवलंबून आहे. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व वाद त्यावरच आहे.

गोव्यांत या धंद्यातील माणसास रेंदेर म्हणतात. तेथील काळा गूळ दोदोल, पिणाग इत्यादि पक्वान्नांत अजून मोठ्या मानानें वापरला जातो. किंबहुना इंग्रज ज्या शब्दानें गुळास ओळखतात तो शब्दही पोर्तुगिजांनीं याच पश्चिम किनाऱ्यावरून उचलला, आणि त्याचें मूळ आपल्या 'शर्करा' शब्दांत आहे असें भाषाकोविद सांगतात. जगास शब्द आम्हीं दिला. जिन्नस मात्र आतां दुसऱ्याकडून घेतों.

आपल्या कोंकणांत हा हात भंडारी बंधूंचा. १६७९ सालीं खांदेरीच्या बेटावर इंग्रजी गलबतांसमोर शिवछत्रपतींचें निशाण उभें ठेवणारा मायनाक भंडारी याच समाजाचा. ज्या समाजानें समुद्रावर राज्य राखिलें व जमिनीवर माड राखिला, त्याची पुढें काय अवस्था झाली पाहा. १८७८ चा मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा आला, झाडावर कर बसला, आणि गाळण्याचा धंदा मक्तेदारांच्या हातीं गेला. इंग्रज सरकारास माडाच्या साखरेशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. त्याला माडीचें उत्पन्न पाहिजे होतें. अर्थात् त्यानें माडाकडे वखारीच्या दृष्टीनें पाहिलें. परक्या राज्यकर्त्यानें असें केलें यांत आश्चर्य नाहीं.

आश्चर्य आहे तें पुढें. या ठिकाणीं आमच्याच पक्षाची चूक आम्हांस कबूल केली पाहिजे, आणि ती आम्ही आडपडदा न ठेवतां करतों. दारूबंदी हें राष्ट्रीय चळवळीचें एक पवित्र कार्य होतें. १९३९ च्या ऑगस्टांत मुंबई शहरांत दारूबंदी पुकारली गेली, आणि स्वराज्य आल्यावर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, तेव्हां हजारों मजुरांच्या बायकांनीं सुटकेचा निःश्वास टाकिला असेल, यांत आम्हांस शंका नाहीं. परंतु कायदा लिहितांना आमच्या सुधारकांनीं लेखणी हातीं घेतली ती इंग्रजांच्याच दौतींत बुडवून. झाडास 'ताडी देणारें झाड' असें जें नांव आबकारीनें ठेविलें होतें, तेंच नांव दारूबंदीनेंही ठेविलें. पूर्वीं त्या नांवाखालीं कर घेतला जाई. आतां त्याच नांवाखालीं बंदी आली. माड, ताड, शिंदी हीं तिन्ही झाडें जन्मतः संशयित ठरलीं. रस काढण्यास परवाना, नेण्यास परवाना, नीरा म्हणून विकण्यास परवाना. कायद्यानें मनुष्याच्या कृत्याकडे पाहावें असें आम्ही विद्यालयांत शिकलों. येथें तो झाडाच्या जातीकडे पाहतो.

आणि तरी गंमत अशी कीं, दारूबंदीचे जे खरे आचार्य, त्यांच्या मनांत असें कधींच नव्हतें. १९३४ सालीं महात्मा गांधींच्या प्रेरणेनें वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याच्या कामांत ताडगुळास मानाचें स्थान होतें. जे. सी. कुमारप्पांचा युक्तिवाद असा होता कीं, ऊस सुपीक जमीन व पाणी मागतो, ताड व शिंदी पडीक जमिनीवर आपोआप वाढतात. म्हणून गोडी झाडांपासून घ्यावी आणि उसाची जमीन धान्यास मोकळी करावी. शिवाय दारूबंदीनें ज्या ताडी काढणाराचा रोजगार बुडणार, त्याच्या हातांतील कोयता न काढतां त्याच्या घरीं फक्त कढई द्यावी, म्हणजे व्यसनही जाईल व पोटही भरेल, अशी ती योजना होती. बंदी आणि कढई हीं एकाच गाड्याचीं दोन चाकें. आम्हीं एक चाक बसविलें, दुसरें वर्ध्याच्या अंगणांत राहूं दिलें.

अगदींच राहूं दिलें असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. खादी व ग्रामोद्योग आयोगानें ताडगुळाचें काम पुढें चालविलें, आणि २०२० च्या जूनमध्यें डहाणू येथें त्या आयोगानें दोनशें कारागिरांस शिक्षण देऊन रस काढण्याचीं व गूळ करण्याचीं हत्यारें वांटलीं. हें चांगलें झालें. पण तें ताडाचें, आणि उत्तर कोंकणचें. मालवण-वेंगुर्ल्याच्या माडाखालीं कढई कोठें आहे? रत्नागिरीजवळ भाट्ये येथें १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. दापोलीस कोंकणचें कृषि विद्यापीठ १९७२ पासून आहे. तेथील विद्वानांनीं नारळाच्या जाती सुधारल्या, त्याबद्दल त्यांचे उपकार. माडापासून नारळ किती मिळतात याचा हिशेब तेथें आहे. त्याच माडापासून साखर किती मिळेल याचा हिशेब दक्षिण कोंकणच्या बागायतदाराच्या ओटीवर अजून पोंचलेला नाहीं.

केरळाकडे पाहावें. तेथील जुना आबकारी कायदा आपल्यापेक्षांही कडक शब्दांचा होता: माडाचा रस आंबलेला असो वा न आंबलेला असो, तो ताडीच, अशी त्याची व्याख्या. त्याच केरळानें २०१४ सालीं नीरेसाठीं निराळे नियम केले आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांस रस काढण्याचे परवाने दिले. कासरगोडच्या मध्यवर्ती संशोधन संस्थेनें बर्फाच्या थंडाव्यांत रस जमविण्याची एक सुटसुटीत पेटी काढली आहे. मडक्याच्या जागीं ती पोयीला लावली म्हणजे चुन्याची गरज लागत नाहीं व रस उतरेपर्यंत आंबतही नाहीं. तेथील सर्वच कंपन्या भरभराटीस आल्या असें नव्हे; पुष्कळांचे हात पोळले, कारण विक्रीची व्यवस्था लागण्यापूर्वीं यंत्रें मांडलीं गेलीं. त्यापासूनही शिकण्यासारखें आहे. पण शिकण्यास प्रथम दार उघडें पाहिजे, आणि तें कायद्याचें दार आहे.

आतां आमच्यावर जो मुख्य आक्षेप येईल तो आम्हीच मांडतों. कोणी म्हणेल, साखरेच्या नांवाखालीं परवाना घ्यावयाचा आणि रात्रीं माडी विकावयाची, हें थांबविणार कोण? आक्षेप खोटा नाहीं. लबाडी होईल. परंतु हाच न्याय उसास कां नको? गांवठी दारू काळ्या गुळाची गाळतात हें प्रत्येक पोलीस पाटलास ठाऊक आहे. म्हणून कोणी गुऱ्हाळास कुलूप घातलें नाहीं. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढण्याच्या भट्ट्या आमच्या सहकारी साखर कारखान्यांच्या आवारांतच उभ्या आहेत, आणि त्यांच्या उद्घाटनास मंत्री जातात. तरी उसास 'दारू देणारें गवत' असें नांव कोणत्याही कायद्यांत दिलेलें नाहीं. भेद काय? भेद इतकाच कीं, उसाच्या मागें कारखाना, कारखान्याच्या मागें मतपेटी आणि मतपेटीच्या मागें मंत्रिमंडळ आहे. माडाच्या मागें वर चढलेला एक मनुष्य आहे, आणि तो खालीं उतरेपर्यंत त्याचें कोणी ऐकत नाहीं.

ऊसवाल्यांशीं आमचें वैर नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं १९५० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं जें सहकाराचें काम उभें केलें, त्याचा अभिमान ज्यास नाहीं तो महाराष्ट्रीय नव्हे. पण एक विचित्र योगायोग वाचकांच्या नजरेस आणून देण्याचा मोह आवरत नाहीं. स्वारगेटहून कोंकणास किंवा साताऱ्यास निघालेली गाडी शिरवळच्या अलीकडे नीरा नदी ओलांडते. याच नदीचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला, आणि पुढें बारामती-इंदापूरकडील माळ उसानें हिरवा झाला. पुणेकरास नीरा म्हटली कीं एक ती नदी आठवते, आणि दुसरी, सकाळच्या फेरफटक्यानंतर पेल्यांतून प्यावयाची, बहुधा शिंदीची, गार नीरा. पहिल्या नीरेसाठीं सरकारनें धरणें बांधलीं, कालवे खणले, सवलतीचे दर ठरविले. दुसऱ्या नीरेस एक थेंबही पाणी द्यावें लागत नाहीं. ओढ्याकांठची शिंदी व समुद्राकांठचा माड आपलें पाणी आपण शोधून घेतो. आणि परवाना लागतो तो या दुसरीला!

आणखी एक आक्षेप बागायतदारांचा असतो, कीं पोय छेदिली म्हणजे त्या पोयीचे नारळ गेले. खरें आहे. पण माड कांहीं एका वेळीं एकच पोय टाकीत नाहीं. सुमारें महिन्यास एक याप्रमाणें तो वर्षभर देत असतो, आणि बागेतील थोडेच माड रसास लावून बाकीचे नारळास ठेवतां येतात. एक माड रोज सुमारें दोन लिटर रस देतो असें धरिलें, तर दहा माडांपासून रोजची अडीच किलोच्या आसपास साखर होते. तिला योग्य भाव मिळाला तर तेवढ्या पोयींच्या नारळांपेक्षां ती जड भरेल कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें अंगणांत बसून मोजावें. जळणाचा खर्च मात्र मोठा आहे, तो लपवून चालणार नाहीं. वीस लिटरांतून सतरा लिटरांहून अधिक पाणी वाफेनें घालवावयाचें. कोंकणांत सोडणें, करवंट्या व वाळक्या झावळ्या यांचा ढीग पडलेला असतो, त्यावर चूल चालते तोंवर ठीक. त्यासाठीं रानाकडे कोयता वळला तर हा धंदा न झालेला बरा.

पुण्यांतील गिऱ्हाइकास आता दोन शब्द. बरणीवरचीं आश्वासनें वाचून जे कोणी ही साखर दोन-दोन चमचे अधिक घालून घेत असतील, त्यांनीं स्वतःस फसवूं नये. माडाची साखर ही साखरच आहे. तिच्यांत शेंकडा सत्तरांहून अधिक भाग तीच शर्करा असते जी उसांत असते. खाल्ल्यावर रक्तांतील साखर किती झपाट्यानें चढते हें मोजण्याचें जें प्रमाण वैद्यकांत आहे, त्यांत फिलिपाईन्समधील सरकारी संस्थेनें तिला ३५ अंक दिला, तर सिडनीच्या विद्यापीठानें ५४. नेहमींच्या साखरेचा ६५ च्या आसपास येतो. म्हणजे थोडा फरक आहे, पण मधुमेह्यास परवाना मिळावा एवढा खास नाहीं. थोडे क्षार असतात. ते मिळविण्यासाठीं साखर खाणें म्हणजे पितळेच्या भांड्यासाठीं घर जाळणें. माडाचा गूळ खावयाचा तो त्याच्या चवीसाठीं, आणि ज्याच्या श्रमानें तो झाला त्याच्या चुलीसाठीं. औषध म्हणून विकणारा व्यापारी आणि दारू म्हणून फोडणारा शिपाई या दोघांनींही एकाच जिनसेचें खरें नांव पुसून टाकिलें आहे.

आणि श्रमांचें म्हणाल तर, माडावरून पडून जायबंदी झालेला मनुष्य ज्या गांवांत नाहीं असा गांव किनाऱ्यावर विरळा. नारळ विकास मंडळानें २०११ पासून माडावर चढणारांस शिक्षण देण्याचें काम हातीं घेतलें व त्यांच्यासाठीं विम्याची योजनाही काढली. ती आमच्या भंडारी वाड्यांत किती जणांस ठाऊक आहे, हें ग्रामसेवकांनीं एकदां विचारून पाहावें. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. या कामास चिकटलेली हलकेपणाची भावना. 'माडी काढणारा' हा शब्द शाळेंत शिवी म्हणून ऐकावा लागलेलीं मुलें मुंबईस जाऊन पहारेकऱ्याची नोकरी करतात, पण बापाचा कोयता हातीं घेत नाहींत. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. ज्या धंद्याला कायदा गुन्ह्याच्या शेजारीं बसवितो, त्याला समाज देवाशेजारीं कसा बसवील? उसाचा बागायतदार पाटील, माडाचा कारागीर मात्र आरोपी, हा भेद मोडावयाचा तर प्रथम तो छापील पुस्तकांतून मोडला पाहिजे.

तो मोडण्यास फार मोठें पांडित्य लागत नाहीं. उकळण्यासाठीं काढिलेला रस व पिण्यासाठीं आंबविलेला रस यांचा भेद महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यांत स्पष्ट शब्दांनीं करावा. साखर किंवा गूळ करणाऱ्या कारागिरानें वा त्यांच्या सहकारी संस्थेनें आपले माड ग्रामपंचायतींत नोंदवावे. झाडागणिक परवान्यासाठीं आबकारीच्या कचेरीचे खेटे घालूं नयेत. रस ताजा आहे कीं आंबला आहे हें तपासणें आजच्या काळीं अवघड नाहीं. आम्लतेची कागदी पट्टी दोन क्षणांत सांगते, आणि ती शिपायाच्या खिशांत मावते. आंबलेला सांपडला तर खुशाल खटला भरावा. बचावास आम्ही उभे राहणार नाहीं. पण पट्टी न बुडवितां काठी उचलणाऱ्या अंमलदारास नुकसानभरपाई देणें भाग पडेल असें एक कलम त्याच कायद्यांत असूं द्यावें. माडाच्या साखरेंत उसाची साखर मिसळून विकणारावर अन्नभेसळीच्या खात्यानें तितकीच कडक नजर ठेवावी, आणि बरणीवर रोगाचें नांव घालण्यास साफ मनाई करावी. कासरगोडची पेटी भाट्ये व वेंगुर्ल्याकडील दहा-वीस बागांत या हंगामापासून लावून पाहावी. त्यास नवा कायदा लागत नाहीं, इच्छा असली म्हणजे पुरे. पुण्याच्या गुलटेकडीच्या बाजारांत, जेथें कोल्हापुरी गुळाच्या ढेपांच्या राशी लागतात, तेथें एक कोपरा या काळ्या गुळासही मिळावा. स्वारगेटच्या स्थानकापासून तो बाजार हांकेच्या अंतरावर आहे. कोंकणची गाडी रिकामी झाली कीं माल तेथें पायींही नेतां येईल.

कोंकणांतील आमदारांपैकीं कोणी पुढील अधिवेशनांत हा प्रश्न विचारणार असल्यास दुरुस्तीचा मसुदा करून देण्यास आम्ही विनामूल्य तयार आहोंत.

आमच्या मेजावर तो खडा अजून आहे. या गुळास हवेंतल्या ओलाव्यानें लवकर पाणी सुटतें, म्हणून आजींनीं तो डब्यांत घट्ट बंद करून ठेवावयास सांगितलें आहे. त्यांची परतीची गाडी सोमवारीं रात्रीं आहे. आणखी एक ढेप पाठविण्याचें त्यांनीं कबूल केलें, पण जातांना एक गोष्ट मागून घेतली: वाटेंत कोणी विचारिलें तर दाखविण्यासाठीं, माडाच्या गुळास परवाना लागत नाहीं एवढें लिहिलेला वकिलाचा कागद. तो आम्हीं शिक्का मारून, सही करून दिला.